कनवटीतला पत्ता

आडीचा वारा यंदा जरा आधीच सुटला. आडी हा इथला तमिळ महिना, आपल्या आषाढ-श्रावणाच्या सांध्यावरचा. आम्ही तंजावूरचे मराठी लोक सणवार आपल्या पंचांगाने पाळतो, पण वारा, कालव्याचं पाणी आणि नवे जावई मात्र इथल्या महिन्यांनीच आमच्या घरी येतात. हा वारा पाऊस आणत नाही. नुसता येतो, नारळाच्या झावळ्या एका अंगाला विंचरून ठेवतो, वाळत घातलेल्या वेष्ट्या, म्हणजे इथली धोतरं, शेजारच्या गच्चीवर नेऊन टाकतो, आणि दुपारी जेवायला बसलं की पानावर बारीक वाळू पेरतो.

अशा वाऱ्यात मी मागच्या पडवीत पत्त्यांची हातचलाखी शिकायला बसलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

पहिल्याच आठवड्यात इस्पिकची राणी उडाली ती थेट कुंपणापलीकडे. शेजारची सेल्वी ती घेऊन दारात आली. "सार, उंग राणी एंग वीट्टुक्कु वंदुट्टा!" सर, तुमची राणी आमच्या घरी पळून आली. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती हसली ती ओट्याला धरून हसली. मला हसू आलं नाही. सबंध सकाळ घालवून जे साधलं नव्हतं ते वाऱ्याने एका फुंकरीत करून दाखवलं होतं: पत्ता नाहीसा.

शिकवणारा फोनमध्ये असतो. त्याचा चेहरा दिसत नाही, मनगटापासून पुढचे हात तेवढे दिसतात. गोरे, गुळगुळीत, कंटाळलेले हात. डाव्या अंगठ्याने वरचा पत्ता जरा पुढे सरकवायचा. उजवा पंजा गड्डीवर झाकणासारखा आणायचा. डाव्या बोटांनी तो पत्ता खालून उचलून उजव्या तळहातात दाबायचा. एक कोपरा करंगळीच्या टोकाशी, समोरचा अंगठ्याच्या बुडाशी, आणि पत्ता पंजाच्या पोकळीत किंचित वाकून बसतो. मग पंजा असा ठेवायचा की जणू त्यात काहीच नाही. "ईझी," तो म्हणतो. प्रत्येक पायरीनंतर म्हणतो. मी व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावला तर त्याचा आवाज गुंगीतल्या माणसासारखा झाला, "ईऽऽझी", आणि तरी त्याचं बोट कुठे वळतं ते दिसेना. नेमक्या त्या क्षणाला मी थांबवतो, तर पडद्यावर जाहिरात. थांबवलेलं पुन्हा सुरू करायला बोट लावावं, तर व्हिडिओ सुरुवातीला जातो आणि तो मला पुन्हा नमस्कार करतो.

माझ्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात आहे. तळहात कोरडे पडलेत. पत्ता आत दाबला की तो स्प्रिंगसारखा उसळून बाहेर येतो. पकडून ठेवला तर सबंध पंजा लाकडाचा होतो. आरशासमोर उभं राहून पाहिलं. हातात काहीतरी दडवलेला म्हातारा, एवढंच स्पष्ट दिसत होतं.

"अहो, पत्त्यांचा क्लब काढलाय वाटतं," सौभाग्यवती म्हणाली. "प्रवेश फी काय?"

"तुला कळायचं नाही."

"मला नाही कळलं तरी चालेल. पण त्या फोनमधल्याला तमिळमधून शिव्या देऊ नका, सेल्वी ऐकते."

तिला मी कारण सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. इथे सांगतो.

आडीच्या पहिल्या दिवशी नव्या जावयाला घरी बोलवायचं, नवी वेष्टी द्यायची, नारळाचं दूध काढून त्यात गूळ आणि वेलची घालून प्यायला द्यायचं, पोटभर जेवू घालायचं, आणि मग त्याला एकट्यालाच परत पाठवायचं. मुलगी महिनाभर माहेरी. या महिन्यात नवरा-बायकोने एकत्र राहायचं नाही, हा इथला दंडक. आमच्या पूर्वजांनी भाषा सोडली नाही, पण हा दंडक कधी उचलला ते कुणाला सांगता येणार नाही. आता तो नावापुरता उरलाय. माझी नात राधिका यंदा अशीच आली, चार दिवस राहिली, पाचव्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून नवऱ्याबरोबर चेन्नईला गेली. पण आमची आक्का गेली नव्हती. तिच्या वेळी महिना म्हणजे महिना होता.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला ओरत्तनाडूला दिली होती. भावजी तिथल्या सरकारी कचेरीत कारकून, आवाज हलका, हात लांबसडक. त्या आडीला ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, आणि जेवणं झाल्यावर त्यांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला. वडिलांनी एक पत्ता मनात धरून गड्डीत घातला. भावजींनी पिसला, फिरवला, गड्डी वडिलांच्याच हातात दिली. वडिलांनी एकेक करून सगळे पत्ते जमिनीवर लावले. त्यांचा बदामाचा नव्वा त्यात नव्हता. "आपल्या पानाच्या डब्याखाली बघावं," भावजी म्हणाले. डबा वडिलांच्या मांडीशेजारी होता. नव्वा त्याच्याखाली होता.

वडील हसले. आमचे वडील हसत नसत. ते जे हसले आणि "हात बघा कसा चालतो!" म्हणाले, ते मला अजून ऐकू येतं. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. विद्यापीठात बक्षीस घेऊन घरी आलो त्या दिवशीही त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. आणि आक्का, जी आजवर माझ्या प्रत्येक फालतू गोष्टीला हसायची, ती दाराच्या आडून त्या माणसाकडे पाहत होती, आणि मी त्या खोलीत आहे हेही तिला आठवत नव्हतं.

"कनवटीला लावला होता," मी म्हणालो. "मी बघितलं."

मी काहीही बघितलं नव्हतं.

कनवट म्हणजे कमरेला वेष्टीची दुमड. इथे पुरुषमाणसं त्यात सगळं ठेवतात: पानसुपारी, चुना, किल्ली. भाचा-पुतण्या कुणी असता तर तिथेच उभा करून त्याची वेष्टी झटकून पाहिली असती, आणि माझं खोटं त्याच क्षणी उघडं पडून मला थोबाडीत बसली असती. पण ते जावई होते. पहिल्या आडीचे जावई. त्यांना कोण उभं करणार? आणि ते तरी सासऱ्यासमोर कमरेची दुमड सोडून दाखवणार कसे? त्यांचा हात कमरेकडे गेलेला मी पाहिला. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी पत्ते गोळा केले, कडा जुळवल्या, आणि म्हणाले, "मेहुणेबुवांचं लक्ष चांगलं आहे."

वडिलांनी त्यांना सांभाळून घेतलं, "असू दे, असू दे. जावई आहेत, चालतं." त्या "चालतं"ने निकाल लागला. सगळ्यांनी सभ्यपणे हसून घेतलं. आईने आणखी दूध वाढलं. संध्याकाळच्या बसने भावजी परतले.

आणि आक्का महिनाभर आमच्याकडे राहिली.

मला या महिन्याचा राग येतो. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर गेली असती तर वाटेत त्याने तिला हात उघडून दाखवला असता, दोघं हसली असती, मेहुणा कसा जळतो यावर. पण महिनाभर वारा वाहत राहिला आणि घरात तोच विनोद. किल्ली सापडेना, कनवटीवाल्या जावयांना विचारा. डाळ कमी पडली, कनवटीला लावली वाटतं. आक्का आधी चिडली, मग चिडेनाशी झाली, मग एकदा तिने मला माडाखाली गाठून विचारलं, "बाळू, खरंच बघितलंस का रे?" मी म्हणालो, "शपथ." एकोणिसाव्या वर्षी माणूस किती सहज शपथ घेतो.

नाव चिकटलं. लग्नांमध्ये मांडवात रमीचा डाव बसला की कुणीतरी म्हणे, भावजींना पत्ते वाटायला देऊ नका बुवा. ते हसत. पुढे ते डावातच बसेनासे झाले. एकदा श्राद्धाच्या दिवशी पूजेतली चांदीची पळी सापडेना. भावजी झोपाळ्यावर बसले होते. कोण बोललं ते आता आठवत नाही, मी नव्हतो एवढं खरं, पण कुणीतरी म्हणालं, "कनवट बघा हो!" पळी दोन दिवसांनी देवघराच्या फळीमागे मिळाली. भावजी त्याच दुपारी बसस्टँडवर चालत गेले होते. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. आक्का एकटी यायची, दर वेळी त्यांच्या वतीने नवं कारण घेऊन, आणि आम्ही ते कारण ऐकून घ्यायचो. त्यांना मूल नव्हतं. ओरत्तनाडूच्या त्या घरात दोघंच.

ते गेले तेव्हा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका भाच्याच्या मुलाने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, कनवटी तात्ता, म्हणजे कनवटी आजोबा, गेले. खाली हात जोडलेली चित्रं, एकाखाली एक. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. त्याला दुसरं नाव माहीत नव्हतं. आक्का त्या गटात आहे.

तेव्हापासून मला वाटत होतं, हे मिटवायला हवं. पण नुसतं तोंडाने सांगून काय होणार? मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. प्रयोग करून दाखवल्याशिवाय पोरांचा विश्वास बसत नाही, असं मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगत असे. तेव्हा आक्कासमोर बसावं, बाह्या वर कराव्यात, कमरेला वेष्टीऐवजी पॅन्ट घालावी, आणि तिचा पत्ता गड्डीतून नाहीसा करून तिच्याच फुलपात्राखाली काढून द्यावा. बघ आक्का, कनवट लागत नाही. असा माझा बेत. हे शास्त्र नव्हतं, भित्रेपणा होता, हे आता कळतं. हाताने दाखवलं की तोंडाने बोलावं लागणार नव्हतं.

पण हात ऐकेना. मी किती जोड फाडले! प्लॅस्टिकचे पत्ते निसटतात, कागदाचे घामाने मऊ पडतात. एखाद्या सकाळी पत्ता तळहातात अलगद बसायचा, अगदी कबुतर आपल्या खोपीत बसावं तसा, आणि मी जागचा न हलता श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहायचो. पुढच्या खेपेला पुन्हा तीच धांदल. आपण सत्तरहून जास्त वर्षं हे हात वागवतोय आणि त्यांची आपली ओळखच नाही, असं वाटून संताप यायचा. आणि त्या संतापात मला भावजींचे हात आठवायचे. कुणी शिकवलं असेल त्यांना? तेव्हा फोन नव्हते. कचेरीच्या एखाद्या रिकाम्या दुपारी, खिडकीपाशी, शेतांकडे पाठ करून, एकटेच बसत असतील. शेकडो वेळा पत्ता पडला असेल. इतक्या खटपटीनंतर जमलेली एकच गोष्ट घेऊन तो माणूस पहिल्या आडीला सासरी आला होता. आमच्यासाठी.

आक्का आडीच्या दोन दिवस आधी आली. ऐंशी वर्षांची, पण बसमधून एकटी उतरते आणि रिक्षावाल्याशी भांडून घर गाठते. दुपारी ती पडवीत शेवग्याचा पाला निवडत बसली. मी समोर जाऊन बसलो, पत्ते काढले.

"हे काय नवीन?" ती म्हणाली.

"एक पत्ता धर मनात. धरलास? घाल आत. आता बघ."

"बघतेच आहे."

डावा अंगठा, उजवा पंजा, डावी बोटं. पत्ता आत गेला, म्हणजे मला वाटलं गेला. मी पंजा मांडीवर आणला.

"तुझ्या हातात आहे," आक्का म्हणाली. "कोपरा दिसतो."

मी बोटं आवळली. पत्ता उसळला आणि तिच्या पाल्याच्या सुपात जाऊन पडला. तिने तो उचलला, पाल्याचं एक देठ झटकलं, आणि मला परत दिला. "पुन्हा कर."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी गड्डीच हातातून सुटली आणि वाऱ्याने पत्ते अंगणभर नेले. आम्ही दोघंही उठलो नाही.

"आक्का," मी म्हणालो, "कनवटीत काही नव्हतं. त्यांनी हातानेच केलं होतं. मी काही बघितलं नव्हतं. मी खोटं बोललो."

ती पाला निवडत राहिली. देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. सूप रिकामं झालं तरी तिची बोटं चालत होती.

"मी त्यांची वेष्टी धुवायला टाकण्याआधी कनवट चाचपून बघायची," ती म्हणाली. "रोज. सवयच लागली. काय बघते हे स्वतःलाही सांगायची नाही मी. कधी काही निघालं नाही. सुपारीचा तुकडा, बसचं तिकीट. एकदा मागे वळले तर ते दारात उभे. दुसऱ्या दिवसापासून आपली वेष्टी आपणच धुवायला लागले. मला वाटलं, रिटायर झालेत, वेळ जात नाही."

पायाशी अडकलेला एक पत्ता मी उचलला.

"तुझं मन हलकं झालं असेल," ती म्हणाली. "आता हे मी कुठे ठेवू, सांग."

"मी लिहून काढतो, आक्का. सगळं. पुण्याच्या मासिकाला पाठवतो. नाव घालून, माझं नाव घालून, काही न लपवता."

"नागरी लिपीत?"

"मराठीत म्हणजे नागरीतच."

"म्हणजे या घरात कुणी वाचायचं नाही. तुझ्या पोराला नागरी येत नाही, नातीला येत नाही, गटातल्या एकालाही येत नाही." ती शाळेत शिकवत असे, चूक सापडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. "सोय चांगली बघितलीस, बाळू. पुण्याच्या लोकांनी त्यांना कधी कनवटी म्हटलं होतं?"

"मग काय करू?"

"परवा सगळे जमतील. जेवायच्या आधी सांग. तमिळमध्ये सांग. नव्या जावयालाही समजेल असं सोपं सांग."

आडीच्या पहिल्या दिवशी केळीची पानं मांडली. राधिका आणि तिचा नवरा समोरासमोर, माझा मुलगा, सून, दोन भाचे सहकुटुंब. पेल्यांमध्ये नारळाचं दूध. पान उडू नये म्हणून प्रत्येकाने एका कोपऱ्यावर बोट टेकवलं होतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं. तमिळमध्ये, चार-पाच वाक्यांत. तयार केलेलं मोठं भाषण विसरलो होतो. कनवटी तात्ता पत्ता चोरत नव्हते, ते नाव माझ्या खोटेपणातून आलं, मी ते मत्सरापोटी बोललो, आणि त्यांनी आमच्या घरी येणं त्यामुळे सोडलं.

सौभाग्यवती भाताचं भांडं धरून तशीच उभी. मुलाने फोन उपडा ठेवला. भाच्याने कसनुसं हसून पाहिलं, "अदु सुम्मा जोक् ताने, मामा?" ती नुसती थट्टाच ना?

"जोक् इल्लै," थट्टा नव्हती, मी म्हणालो.

सूनबाईने पापड वाढायला घेतला. राधिका म्हणाली, "सरि तात्ता, उक्कारुंग," बसा आता, आणि तिच्या आवाजात एवढी माया होती की मला चीड आली. पंचावन्न वर्षांचं ओझं मी पानांमध्ये आणून टाकलं होतं आणि त्यावर आता सांबार वाढलं जाणार होतं. मी बसलो. एवढंच होतं का हे? याच्यासाठी मी इतकी वर्षं घाबरत होतो, की हे होऊनही काही होत नाही म्हणून घाबरत होतो?

तेवढ्यात नवा जावई बोलला. कुंभकोणमचा मुलगा, तमिळ घरातला, लाजरा, सकाळपासून फक्त मानेने हो-नाही करत होता. "अवर पेर एन्न, तात्ता?"

त्यांचं नाव काय?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आक्काकडे पाहिलं. त्या पिढीच्या बायका आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. भावजी जाऊन वर्षं झाली तरी तिने ते घेतलेलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, पेल्यावरचा हात तसाच ठेवून. आणि मला कळलं की मीही ते कधी घेतलेलं नाही. समोर भावजी म्हणायचो, माघारी ते दुसरं.

"रंगनाथराव," मी म्हणालो.

"मोठ्याने सांग," आक्का म्हणाली. "टोकाला बसलेल्यांना ऐकू आलं नाही."